बोट अचानक काळंनिळं पडलं तर आधी काय काय बघायचं

कुठे आपटलं नाही, दारात सापडलं नाही, कायच लागलं नाही आणि तरी बोट एकाएकी दुखायला लागतं, आतून आग आग होते, मुंग्या येतात आणि थोड्या वेळात बोटाच्या आतल्या बाजूला, म्हणजे तळव्याकडच्या बाजूला, जांभळा काळपट डाग पसरून बोट फुगतं. असं ज्यांना होतं त्यांची भीती मी आरोग्य केंद्रात नर्स म्हणून काम करताना खूपदा जवळून बघितलीय. कोण म्हणतं हार्टचं असेल, कोण म्हणतं रक्त नासलं, कोणाला वाटतं झोपेत कायतरी चावून गेलं, आणि घरात एक तरी माणूस असतोच जो सांगतो की बोट कापावं लागेल. म्हणून हे सगळं सावकाश लिहून काढतेय, जरा लांबलं तरी वाचा, आणि घरात पन्नाशीच्या पुढची आई, आत्ये, मावशी असेल तर तिलापण वाचून दाखवा कारण हे जास्त करून त्याच वयातल्या बायकांना होतं.

ह्याला अखेनबाख सिंड्रोम म्हणतात. वाल्टर अखेनबाख नावाच्या जर्मन डॉक्टरने १९५८ साली ह्याच्याबद्दल लिहिलं, तेव्हापासून ते नाव चिकटलं. होतं काय तर बोटातली एखादी बारीकशी रक्तवाहिनी आपोआप किंवा अगदी क्षुल्लक दाबाने फुटते आणि रक्त कातडीखाली पसरतं, बस. ती का फुटते ह्याचं नक्की कारण अजून कोणाला सापडलेलं नाही, वयाप्रमाणे बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात असं मानतात. बोट सडत नाही, कापावं लागत नाही, रक्ताची गाठ हार्टकडे जात नाही. बहुतेकांचा रंग चार ते सहा दिवसांत उतरतो, कोणाकोणाला दोन आठवडे लागतात, आणि मागे डाग ना वेदना कायच राहत नाही. पुस्तकात हे दुर्मिळ म्हणून लिहिलेलं असतं, पण मला वाटतं बऱ्याच बायका डॉक्टरकडे जाईपर्यंत बोट बरं होऊन जातं आणि ते कुठे नोंदलंच जात नाही.

पण निरुपद्रवी आहे हे ठरवायचं कशावरून, खरा मुद्दा तोच आहे. निळं पडलेलं प्रत्येक बोट निरुपद्रवी नसतं, त्यातली एक-दोन कारणं अशी आहेत की तासाभराचा उशीरपण महागात पडतो.

सगळ्यात आधी अंगठी काढा. बाकी सगळं नंतर. सूज वाढली की अंगठी अडकते आणि मग अंगठीच बोटाचं रक्त अडवते, म्हणजे साधी गोष्ट आपणच अवघड करून ठेवतो. हात वर धरा, बोटाला साबण नाहीतर खोबरेल लावा आणि फिरवत फिरवत काढा, सरळ ओढू नका. तेवढ्याने नाही निघाली तर दोऱ्याची युक्ती करतात, शिवणाचा जाड दोरा किंवा दातांचा फ्लॉस घ्यायचा, त्याचं एक टोक अंगठीखालून तळहाताकडे सरकवायचं, केसांच्या पिनेने सरकवलं की सोपं जातं, आणि उरलेला लांब दोरा अंगठीला लागूनच सुरू करून मधल्या सांध्याच्या पुढेपर्यंत एकाला एक चिकटून गुंडाळत न्यायचा, सूज दाबली जाईल एवढा घट्ट. मग ते तळहाताकडचं छोटं टोक धरून दोरा सोडवत जायचं, दोरा सुटतो तशी अंगठी एकेक वेढा पुढे सरकत सांध्यावरून बाहेर येते. हे भराभर करायचं, दोरा गुंडाळून बसायचं नाही. आणि बोट हात लावू देत नसेल एवढं दुखत असेल किंवा टोक आधीच काळपट झालं असेल तर हा खटाटोप न करता कॅज्युअल्टीत जा, तिथे अंगठी कापून काढतात, लग्नाची असली तरी कापू द्या, सोनार ती परत जोडून देतो.

मग हात साबणाने स्वच्छ धुवा. ऐकायला बावळट वाटेल पण आपल्या गोव्यात हे लागतंच. भिरंडां, म्हणजे कोकमाची फळं, फोडून सोलं घालायच्या दिवसांत बोटांना जो जांभळट लाल रंग चढतो तो दोन-तीन दिवस सहज राहतो, आणि आधीच मनात भीती असली की तो रंगपण मार लागल्यासारखा दिसतो. काजूच्या कच्च्या बियांचं तेल लागलं तर कातडी काळी पडते, भाजल्यासारखी आग होते आणि नंतर सालं निघतात. पण ते वरच्या कातडीवरचं असतं, आणि त्या दिवशी बिया हाताळल्यात हे आपल्याला माहीत असतं. आपण ज्याबद्दल बोलतोय तो रंग कातडीच्या आत असतो, कितीही धुतलं तरी जात नाही आणि हात लावला की आत जरासं फुगीर, ताणलेलं लागतं.

आता बोटाचं टोक बघा. ओळखायची सगळ्यात मोठी खूण मी हीच मानते. अखेनबाखमध्ये रंग बोटाच्या बुडाच्या आणि मधल्या पेरावर असतो, जास्त करून अंगठ्याशेजारच्या बोटावर किंवा मधल्या बोटावर, आणि टोक आणि नख मात्र जवळजवळ नेहमी नेहमीसारखं गुलाबी राहतं. एक बाय आलेली आमच्याकडे, चवथीच्या आधी नेवऱ्या करायला बसलेली, पीठ मळता मळता मधल्या बोटात आतून सुई टोचल्यासारखं झालं, तिने दुर्लक्ष केलं, आणि पुढच्या नेवऱ्या भरेपर्यंत बोटाच्या बुडाला जांभूळ चुरडल्यासारखा रंग आला. ती रडतच आली, बोट ओल्या फडक्यात गुंडाळून. फडकं सोडलं तर बुडाच्या पेराची आणि मधल्या पेराची आतली बाजू जांभळी, घडीपाशी जरा जास्त गडद, शेवटच्या घडीच्या पुढे रंग एकदम थांबलेला आणि त्याच्यापुढे टोक छान गरम आणि गुलाबी, नखात पिठाचा कण अडकलेला. बोटाची पाठ बघितली तर तिथे जवळपास कायच नाही. असं बोट बघितलं की मला हायसं वाटतं. तरी बाकीच्या गोष्टी तपासूनच मग डॉक्टरसाहेबांकडे पाठवलं तिला.

टोक नुसतं बघून भागत नाही, दाबून बघा. नेलपॉलिश असेल तर काढा, नख पाच सेकंद दाबा म्हणजे पांढरं पडेल, आणि सोडा. साधारण दोन सेकंदांत परत गुलाबी झालं तर रक्त टोकापर्यंत पोचतंय. दुसऱ्या हाताच्या त्याच बोटाशी ताडून बघा, गरमपणापण तसाच ताडून बघा, आणि ताडताना बोटं गालाला लावा, गालाला फरक लगेच कळतो. मग जांभळ्या डागावर काचेचा पारदर्शक ग्लास दाबून बघा. रक्त कातडीखाली सांडलेलं असेल तर दाबल्यावर डाग तसाच दिसतो, जात नाही. दाबल्यावर रंग पांढरा होऊन सोडल्यावर परत निळा होत असेल तर रक्त वाहिन्यांतच आहे पण नीट फिरत नाही, ती वेगळी गोष्ट आणि ती डॉक्टरने बघायलाच पाहिजे.

अंगठ्याच्या बाजूला मनगटावर नाडी लागते का बघा, दोन्ही हातांची. नाडी लागली पण ठोके कसेतरीच, एक लवकर एक उशिरा असे पडत असतील तर ते आवर्जून सांगा, कारण हार्टचे ठोके बिघडलेल्या माणसाच्या हार्टमध्ये रक्ताची गुठळी होऊन ती हाताकडे जाऊ शकते, आणि तेव्हा बोट पांढरं किंवा निळसर पडतं, थंड होतं, प्रचंड दुखतं किंवा बधिर होतं.

बोट वाकतं का, सरळ होतं का तेपण बघा, एकेक सांधा वेगळा धरून. अखेनबाखमध्ये सुजेमुळे वाकवायला जड जातं पण वाकतं. शेवटचं पेर अजिबातच वाकत नसेल किंवा सरळच होत नसेल तर आतली शीर, म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, बोट हलवणारी दोरीसारखी शीर (टेंडन), तुटलेली असू शकते, भरलेली कळशी किंवा गॅसचा सिलिंडर उचलताना झटका बसला की असं होतं आणि त्या घाईत कधी लागलं ते कळतपण नाही. तिथे एक्सरे लागतो, आणि शीर तुटली असेल तर थोड्या दिवसांतच दुरुस्त करावी लागते, महिनाभर थांबून चालत नाही.

आणि सत्तरी, सांगे, काणकोण, डिचोलीकडे, जिथे काजूच्या बागायती आहेत, तिथल्यांनी हे खास ध्यानात ठेवा. पालापाचोळ्यात हात घालून काजू गोळा करताना, कुळागरात काम करताना किंवा लाकडं काढताना बोटाला कायतरी टोचलं आणि मग बोट काळंनिळं होऊन सूज हातावर चढत चालली तर ते अखेनबाख बिखेनबाख नाही, साप चावला असं समजूनच निघायचं. चापडा, फुरसं, घोणस ह्यांचं विष रक्त आणि मास दोन्हींवर काम करतं, आणि दातांच्या खुणा प्रत्येक वेळी दिसतातच असं नाही. दोन्हींतला फरक हा की अखेनबाखची सूज त्या बोटापुरती असते, विषाची सूज तळहातावरून मनगटाकडे वर वर सरकते. बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, हात हलवायचा नाही, १०८ ला फोन करायचा. अंगठी आणि बांगड्या मात्र इथेपण लगेच काढायच्या.

थंडीने बोटं रंग बदलतात ते रेनॉड, ते पुष्कळ वेळा ह्याच्याशी गल्लत होऊन सांगितलं जातं. गोव्यात थंडी कुठली असं म्हणाल, पण बर्फातली मासळी हाताळणाऱ्या बायका आणि दिवसभर एसीखाली बसणारे लोक, ह्यांना होतं ना. त्यात बोटाचं टोक आधी पांढरंफटक पडतं, मग निळं, मग गरम झालं की लाल, रंग कुठे संपतो ती रेघ स्पष्ट दिसते, दोन्ही हातांच्या एकाहून जास्त बोटांना होतं, आणि अर्ध्या-पाऊण तासात बहुतेक सगळं पूर्ववत. अखेनबाखचा रंग मात्र दिवसन् दिवस राहतो आणि बहुतेक वेळा एकाच बोटाला असतो. तंबाखू, विडी, सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांची बोटं टोकाकडून निळी-काळी व्हायला लागली, टोकाला जखम झाली, तर ते पण वेगळं आणि गंभीर, तिथे पहिल्यांदा तंबाखू सुटली पाहिजे आणि सर्जनला दाखवलं पाहिजे.

बोट बघून झालं की बाकीचं अंग बघा. पायांवर लाल बारीक टिपके, मांड्यांवर हिरवेनिळे डाग, दात घासताना हिरड्यांतून रक्त, नाकातून रक्त, पाळी नेहमीपेक्षा खूप जास्त, लघवी लाल, शौचाला डांबरासारखी काळी, ह्यातलं एक जरी असेल तर मामला बोटाचा नाही, रक्ताचा आहे. पावसाळ्यात ताप असेल तर डेंग्यू डोक्यात आलाच पाहिजे, प्लेटलेट्स खाली गेल्या की कुठेही रक्त सांडतं. सत्तरीकडे माकडतापाचे दिवस असतात तेव्हा रानात जाणाऱ्यांनी ताप अंगावर काढू नये.

गोळ्या कुठल्या चालू आहेत ते आठवा. हार्टसाठी अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, असल्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी साध्या दाबानेपण रक्त साकळतं. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणून खाल्लेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यापण धरा, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी बरेच महिने घेतलेले स्टिरॉइडपण धरा. पण भिऊन हार्टची गोळी आपल्या मनाने बंद करू नका हो. ते बोटापेक्षा फार धोक्याचं आहे.

आता कधी अजिबात थांबायचं नाही ते. टोक पांढरं किंवा थंड पडलंय, बोट बधिर झालंय, नाडी लागत नाही, नख दाबून सोडल्यावर गुलाबी होत नाही, सूज वर चढतेय, ताप आहे आणि बोट लाल गरम होऊन ठणकतंय, किंवा छातीत दुखतंय, दम लागतोय, बोलताना जीभ जड होतेय, ह्यातलं काहीही असेल तर रात्री दोन वाजतापण निघायचं, १०८ बोलवा किंवा मिळेल त्या गाडीने बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नाहीतर जवळच्या जिल्हा हॉस्पिटलात पोचा. बोट गरम पाण्यात घालून सकाळची वाट बघू नका.

आणि ह्यातलं काहीच नसेल, टोक गुलाबी, अंगात दुसरा काही त्रास नाही, तर त्याच दिवशी धावायची गरज नाही, पण पहिल्यांदाच झालं असेल तर एक-दोन दिवसांत डॉक्टरला दाखवा. आपण आपल्याच मनाने नाव देऊन मोकळं व्हायचं नाही, हे निदान बाकीची कारणं बाजूला काढल्यावरच करतात. जायच्या आधी फोटो मात्र काढा, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते, कारण नंबर लागेपर्यंत रंग उतरतो आणि मग डॉक्टरला दाखवायला कायच राहत नाही. दिवसाच्या उजेडात दाराकडे तोंड करून बसा, फ्लॅश नको, एक फोटो तळहाताकडून, एक पाठीकडून, एक टोक आणि नख जवळून, आणि एक दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून. दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी परत काढा. किती वाजता सुरू झालं, आधी दुखलं का आधी रंग आला, तेव्हा हातात काय काम होतं, पूर्वी कधी झालेलं का, एवढं कागदावर लिहून न्या.

डॉक्टर साधारण सीबीसी ही रक्ताची तपासणी करायला सांगतील म्हणजे त्यात प्लेटलेट्स कळतात, दीड लाख ते साडेचार लाख हे नॉर्मल, आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याच्या टेस्ट, पीटी-आयएनआर आणि एपीटीटी. नाडी अनियमित असली तर ईसीजी. अखेनबाखमध्ये हे सगळं नॉर्मल येतं, आणि तसं आलं म्हणून पैसे फुकट गेले असं म्हणू नका, नॉर्मल आलं म्हणूनच तर निदान पक्कं होतं. टोक ठीक असताना डॉपलर, अँजिओग्राफी ह्या रक्तवाहिन्या बघायच्या तपासण्यांची बहुतेक वेळा गरज पडत नाही. कोणी सुचवलंच तर अखेनबाख सिंड्रोम असू शकेल का असं नम्रपणे विचारा, सगळ्याच डॉक्टरांनी हे बघितलेलं असतं असं नाही आणि विचारलं म्हणून कोणी रागावत नाही, मी तरी रागावलेलं बघितलं नाही.

एक गोष्ट बायकांसाठी. कोणी हात पिरगळला असेल, मारलं असेल, आणि घरच्या माणसासमोर आपोआप झालं असं सांगावं लागत असेल तर नर्सला हळूच सांगा की मला एकटीला बोलायचंय. आम्ही सोबतच्या माणसाला काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवतो. १८१ ही महिला हेल्पलाइनपण आहे.

औषध काय म्हणाल तर नाही. खरंच नाही. हात थोडा वेळ उशीवर उंच ठेवायचा, सुरुवातीला आग होत असेल तर फडक्यात गुंडाळून थंड काहीतरी दहा मिनिटं लावायचं, पण ज्यांची बोटं थंडीने पांढरी पडतात त्यांनी हे करू नये. दुखत असेल तर आणि पॅरासिटामॉल तुम्हाला चालत असेल तर ती गोळी, डायक्लोफेनॅक वगैरे नको. बोट हलवत राहा, बांधून ठेवू नका. गरम तेलाने चोळू नका, चोळल्याने रक्त आणखी पसरतं. पाल्याचा रस, चुना, गरम लेप ह्यांनी काही साधत नाही, उलट कातडी भाजून घेतलेले बघितलेत. आणि सुईने टोचून "काळं रक्त" काढणाऱ्या माणसाकडे तर कृपा करून जाऊ नका, जे बोट आठवड्यात आपोआप बरं होणार होतं त्यात पू होऊन बसतो, आणि डायबिटीस असेल तर मग विचारूच नका.

दोन दिवस जड बालदी, ओले कपडे पिळणं, आदोळीवर घट्ट नारळ किसणं हे दुसऱ्या कोणालातरी करू द्या. बाकी कामं करायला हरकत नाही, दुखलं तर थांबायचं. हे परत होऊ शकतं, काही महिन्यांनी, वर्षांनी, त्याच बोटाला किंवा दुसऱ्या, आणि तुम्ही काही चुकीचं केलं म्हणून नाही. दुसऱ्यांदा झालं तर परत टोक, नख, गरमपणा, नाडी एवढं त्याच क्रमाने बघा, जुना फोटो आणि रिपोर्ट मोबाइलमध्ये असू द्या, आणि सगळं पहिल्यासारखंच असेल तर घरीच थांबा. मात्र ह्या वेळी टोकाला रंग आला, एकाच्या जागी तीन बोटं धरली, दोन आठवडे होऊनपण उतरत नाही किंवा मधल्या काळात रक्त पातळ करायची नवीन गोळी सुरू झाली असेल, तर जुन्या रिपोर्टवर विसंबू नका, नव्याने दाखवा.